जिप्सीचा क्लच, भाग ३: नवी प्लेट, तीच खरखर

मंडळी, मागच्या नोंदीत मोठ्या थाटात लिहिलं होतं की क्लचचं काम आटोपलं. ते शब्द मागे घेतो.

यवतेश्वरच्या घाटात इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी हलायची नाही, म्हणून मारुती जिप्सी किंगची क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती), तिला फ्लायव्हीलवर म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबलं की ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग बदललं. सगळं चढवलं, गाडी सुरू केली, क्लच तळापर्यंत दाबून रिव्हर्स टाकायला गेलो तर असा खर्रर्र आवाज की आई गॅलरीत आली. "काय मोडलंस रे?" इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते. म्हणजे गिअरबॉक्स शहाणा, पेडल दाबूनही क्लच इंजिनापासून सुटत नाही.

माझी घाई होत असेल म्हणून क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबलो आणि मग रिव्हर्स टाकला. क्लच सुटत असेल तर तेवढ्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो. तरी खरखर.

पहिला संशय अर्थातच क्लच वायरवर. पेडलला २० मिमीच्या आसपास मोकळी चाल होती. नट फिरवत फिरवत ती पार संपवली, तरी फरक शून्य. (अशी ताणलेली वायर ठेवून गाडी चालवू नका, रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं.) धाकट्याला पेडलवर बसवून वायर ओढते त्या खालच्या लिव्हरचं सरकणं पट्टीने मोजलं. लिव्हर व्यवस्थित सरकत होती. म्हणजे दोष घंटेच्या, क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या आत.

प्लेट उलटी बसली का? चढवतानाचे फोटो काढले होते. स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडेच होता. इथे माझी अक्कल संपली आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गिअरबॉक्स चढवताना लटकवला होता काय?"

लटकवला होता. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक प्लेटच्या दात्यांत शिरलं होतं, मी बोल्ट शोधायला वळलो आणि धाकटा ओरडत होता, "दादा, हात सुटतोय!" तेवढा अर्धा मिनिट सगळं वजन प्लेटच्या मधल्या दातेरी भागावर.

मग पुन्हा तेच. गिअर लिव्हर काढा, स्टार्टर काढा, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडे) जाणारा आखूड शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा. अख्खा शनिवार गेला. शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग बोटाने फिरवून पाहिलं, गुळगुळीत. मग प्लेट गिअरबॉक्सच्या त्याच (इनपुट) शाफ्टवर चढवली, हॅक्सॉ ब्लेडचं टोक तिच्या कडेजवळ स्थिर धरलं आणि हळूच फिरवली. एका बाजूला ब्लेडला घासली, समोरच्या बाजूला दीड मिलिमीटरची फट. सायकलचं आऊट झालेलं चाक पाहिलंय ना, अगदी तसं. क्लच दाबल्यावर प्लेटला मोकळं व्हायला जागा मिळते ती जेमतेम मिलिमीटरभर. वाकडी प्लेट एकीकडे फ्लायव्हीलला, दुसरीकडे प्रेशर प्लेटला घासत राहणार आणि शाफ्टला सोबत फिरवणार. डोळ्यांनी बघितली तर प्लेट कोरी करकरीत. दुकानदाराने परत घेतली नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

नवी प्लेट आणली, आधी याच ब्लेडने तपासली. या वेळी दोन लांब बोल्टांची डोकी कापली, टोकाला करवतीने खाच पाडली आणि ते इंजिनाच्या मागच्या भोकांत बसवले. गिअरबॉक्स या दोन दांड्यांवरून सरकत आत गेला, खाली फळी ठेवलेला जॅक होताच. बाकीचे बोल्ट आवळल्यावर स्क्रू ड्रायव्हरने दांडे बाहेर. वीस मिनिटांत काम, आणि प्लेटवर शून्य भार. हे मागच्या वेळी सुचलं असतं तर एका प्लेटचे पैसे वाचले असते.

रिव्हर्स आता आवाज न करता पडतो. पेडल थोडं वर सुटतंय, दोन-तीनशे किलोमीटर झाले की चाल पुन्हा मोजेन. उद्या सकाळी यवतेश्वर. धाकटा म्हणतो, मी येत नाही.