झालं, आई

मंगळवार, ११ नोव्हेंबर. रात्री साडेदहा.

रविवारपासून एक शब्द डोक्यातून जात नाही. "झालं."

धाकटा आला होता. चहा घेता घेता मी म्हटलं, नोव्हेंबर लागला, हयातीच्या दाखल्याचं बघायला हवं. यंदा मी स्वतः करणार, असं ठरवलं होतं, पण ते म्हणायचं राहिलं. तोवर त्याने माझ्या हातातला फोन घेतलासुद्धा. हिसकावला असं मी म्हणणार नाही. लहान मुलाच्या हातातला गरम कप आपण अलगद काढून घेतो, तसा घेतला. त्याचे अंगठे भराभर चालले. पेन्शनच्या कागदावरचा पीपीओ नंबर विचारला, तो मी पाठ सांगितला. मग फोन माझ्या तोंडासमोर आला. "चष्मा काढ. इकडे बघ. आता डोळ्यांची उघडझाप कर." केली. "झालं, आई."

मी पुढच्या वर्षापर्यंत जिवंत आहे, हे सरकारला कळलं. त्यात माझं काम एवढंच होतं, पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या.

याला कृतघ्नपणा म्हणतात हे मला कळतं. शेजारच्या वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. रिक्षाने बँकेत जातात, रांगेत बसतात, यादीत स्वतःचं नाव शोधून सही करतात आणि परत आल्यावर दोन दिवस त्यांचे पाय दुखतात. बोटांच्या ठशांचं मशीन आलं तेव्हा मीही तीनदा परत आले होते. ठसे उठतच नव्हते. बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. आणि इथे घरच्या खुर्चीत चार मिनिटांत काम झालं. तक्रार करायला जागाच नाही. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

काल दुपारी स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढली. (धाकट्याला सांगायचं नाही.) तळाशी पुस्तक होतं. २००३ साली अप्पा बळवंत चौकातून आणलेलं, लांबरुंद, पिवळ्या कव्हराचं, मागच्या पानाला सीडीचा खिसा असलेलं. सीडी नाहीये. खिसा आहे. पानापानावर स्क्रीनचे काळेपांढरे फोटो, त्यांवर बाण, बाणाच्या टोकाशी १, २, ३. "माऊसचे डावे बटण एकदा दाबून सोडा." "आता तुम्हाला अशी खिडकी दिसेल." आणि खरंच तशीच खिडकी दिसायची. त्याचा तेव्हा केवढा आधार वाटला होता! मी दाबलं आणि पुस्तकात म्हटलं होतं तेच झालं. म्हणजे मी चुकले नाही.

तेव्हा ऑफिसात एमएस-सीआयटीचं वारं होतं. मुदतीत पास झालं नाही तर वेतनवाढ थांबणार, म्हणून सगळे धावत होते. मी बेचाळिशीची, क्लासमध्ये बाजूला दहावी झालेली पोरं. शिकवणारा मुलगा चांगला होता, पण त्याला घाई फार. मी अडखळले की मागून यायचा, माझ्या हातावरून हात घालून माऊस फिरवायचा आणि म्हणायचा, "झालं, मॅडम." तेव्हाही हाच शब्द. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

म्हणून पुस्तक आणलं होतं. पुस्तक माझ्या हातातून काही काढून घेत नव्हतं. अकराव्या पानावर मी अडले तर ते अकराव्या पानावरच उघडं राहायचं. रात्री जेवणं आटोपली की हे बातम्या लावायचे आणि मी कागदावर कीबोर्ड काढून, पुस्तक समोर ठेवून बोटं फिरवायची. यांनी एकदाही विचारलं नाही की कागदावर काय कॉम्प्युटर शिकतेस. असो.

काल वाचत बसले. समासात सगळीकडे माझंच अक्षर. एका ठिकाणी लिहिलंय, "ओळ संपली तरी एंटर दाबू नये!!!" तीन उद्गारचिन्हं. वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेली बाई मी. घंटी वाजली की डावा हात आपोआप दांड्याकडे जायचा. कॉम्प्युटरवर प्रत्येक ओळीला एंटर मारून मारून पहिलं पत्र केलं आणि साहेबांनी मध्ये एक शब्द घालायला सांगितला, तर सगळ्या ओळी मोडून पडल्या. पुस्तकाने सांगितलं होतं की शब्द जागेत मावला नाही तर आपोआप खाली जातो, एंटर परिच्छेद संपल्यावरच. एवढंच वाक्य. पण ते कुणी तोंडी सांगितलं नव्हतं, कारण पोरांनी टाइपरायटर बघितलाच नव्हता. मला काय येतं म्हणून माझं काय चुकतंय, हे त्यांना कसं कळणार?

मराठी टायपिंगचं तर जगच उलटं झालं. टाइपरायटरवर ध, भ, श, ण अशी कितीतरी अक्षरं आधी अर्धी दाबायची, पुढे काना द्यायचा, तेव्हा पूर्ण व्हायची. कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर अक्षर पूर्णच येतं, आणि जोडाक्षर हवं असेल तर हलन्त देऊन अर्धं करायचं. तिकडे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. इकडे अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, जशी आपण तोंडाने म्हणतो तशी. हे ज्या दिवशी उमजलं त्या दिवशी मी घरभर सांगत सुटले होते. कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मला अजून वाटतं.

फोल्डरचंही तसंच. पुस्तकात टेबलाच्या खणाचं चित्र होतं, ते मला काही पटेना. मग मी माझ्या भाषेत समासात लिहिलं: ड्राइव्ह म्हणजे रेकॉर्ड रूम, फोल्डर म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधायचा रुमाल, फाईल म्हणजे नस्ती. नस्तीला नाव घातलं नाही आणि कुठल्या रुमालात बांधली ते लक्षात ठेवलं नाही, तर ती हरवली. झालं स्पष्ट! त्यानंतर माझी एक फाईल कधी हरवली नाही. परवा नात शाळेचा प्रकल्प शोधत होती. "कुठे ठेवलास?" म्हटलं, तर म्हणाली, "ठेवला नाही गं आजी, डाउनलोड केला." म्हणजे कुठे? ते तिला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही.

पुस्तकाने एकदा दगाही दिला. ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले, त्यांत ऑफिस २००७. पुस्तकात प्रत्येक धडा "फाईल मेनूवर क्लिक करा" असा सुरू होतो, आणि स्क्रीनवर फाईल मेनूच नाही. वर नुसती चित्रांची रुंद पट्टी. मी दोन दिवस कुणाला विचारलं नाही. जे माझं झालं होतं ते परत परकं झालं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं. तिसऱ्या दिवशी डाव्या कोपऱ्यातल्या गोल खुणेवर बाण नेला. ती मी शोभेची समजत होते. दाबली, आणि आत सगळं: उघडा, साठवा, छापा. त्या पानाच्या समासात लिहिलंय, "फाईल मेनू = गोल बटण. स्वतः शोधले." तारीख नाही घातली. घालायला हवी होती.

काल हे दोन शब्द वाचले आणि रडू आलं. काय कारण होतं? दाखला मिळाला आहे, मुलगा चांगला आहे, डोळे अजून बरे आहेत. पण "स्वतः शोधले" लिहिणारी बाई आणि "उघडझाप कर" म्हटल्यावर करणारी बाई एकच, हे काल गळ्याखाली उतरेना.

मी आईला बँकेत... ती सही शिकली होती, प्रौढ वर्गात, आणि स्लिपही आपणच भरू म्हणायची. मागे रांग असायची. ते आज नको.

आज सकाळी मात्र उठले ती वही घेऊन बसले. नातीची अर्धी कोरी वही होती. दाखल्याचं पुस्तक माझ्याकडे नाही, तर मीच लिहीन म्हटलं. रविवारी त्याचे अंगठे कुठे कुठे गेले ते आठवेना, म्हणून फोन घेऊन पहिल्यापासून बघायला लागले. दाखला पुन्हा पाठवायचा नव्हता, नुसतं कुठून कुठे जायचं ते बघायचं होतं.

पहिला अडथळा असा की अॅप दोन आहेत. एक जीवन प्रमाणचं, म्हणजे हयातीच्या दाखल्याचं, दुसरं आधार फेस आरडी. दुसऱ्याचं चित्र स्क्रीनवर कुठेच सापडेना. तासभर शोधलं. शेवटी सेटिंगमध्ये अॅपची यादी काढली, त्यात ते निघालं. त्याला स्वतःचं दार नाही, पहिलं अॅप हाक मारतं तेव्हाच ते कामाला येतं. पहिल्याकडे आपला फॉर्म, दुसऱ्याकडे चेहरा बघून आधारशी ताडून पाहणं. आलेला कागद नोंदवणारा आवक बारनिशीवाला वेगळा आणि सही तपासणारा वेगळा, तसं.

मग परवानगीचं. धाकट्याला दुपारी फोन केला. म्हटलं, रविवारी तू कशाकशाला हो म्हटलंस?

"अगं, अलाऊ विचारतं, ते दाबायचं."

"कशाची परवानगी पण?"

जरा थांबला. "कॅमेऱ्याची असेल."

"असेल?"

"आई, मी वाचत नाही गं ते. सगळेच दाबतात."

मी पुढे काही बोलले नाही. फोन ठेवला आणि हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू. त्याला खाली पाहायला लावल्याचा आनंद नव्हता तो. मला वाटत होतं की सगळं त्याला दिसतं आणि मलाच दिसत नाही. त्याला वाट पायाखालची आहे, एवढंच. आजूबाजूला काय आहे ते त्यानेही बघितलेलं नाही. रविवारपासून मी त्याला फार मोठा करून ठेवला होता आणि स्वतःला फार लहान. यादीत अॅपवर बोट दाबलं की परवानग्या दिसतात. तिथे कॅमेरा होता. वहीत लिहिलं.

आणि खरी गोष्ट नंतर वाचताना सापडली. अॅप सुरू केल्यावर आधी पेन्शनरचा चेहरा मागतच नाही, ऑपरेटरचा मागतं. फोन ज्याच्या हातात, तो ऑपरेटर. त्याचा आधार नंबर, मोबाईल, ईमेल, मग त्याचा चेहरा. एका फोनवर एकदाच. त्यानंतर पेन्शनरची पाळी. रविवारी त्याने आधी फोन स्वतःकडे धरला होता तो यासाठी. मला वाटलं होतं, सहज बघतोय. म्हणजे माझ्या फोनवर ऑपरेटर म्हणून तो आहे. आणि पेन्शनर स्वतःच ऑपरेटर होऊ शकतो. वेगळा माणूस लागतच नाही.

हे वाचून मी वही मिटली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. राग आला होता का? थोडा. पण त्यालाही कुठे ठाऊक असणार. आणि ठाऊक असतं तरी माझा चेहरा दोनदा घ्यायचा तर दोनदा सांगावं लागलं असतं, चष्मा काढ, इकडे बघ. स्वतःचा घेणं सोपं. घाईत माणूस सोपं तेच करतो. मीही केलंय. रागाचं पुढे काही झालं नाही. डाळ लावायची होती.

संध्याकाळी वहिनी आल्या. त्या बँकेत कधी जायचं ते ठरवत होत्या, रिक्षावाल्याला सांगायचं म्हणून. मी वही दाखवली. त्यांनी पहिलं पान मोठ्याने वाचलं, बोट ठेवून, आणि म्हणाल्या, "हे मला वाचता येतंय की." फोन त्यांच्या नातवाने दिलेला आहे, चांगला आहे, त्या फक्त उचलतात आणि ठेवतात. मी म्हटलं, तुमच्याच फोनवर करू, आणि दाबायचं तुम्हीच. ऑपरेटरही तुम्हीच. ईमेल लागेल, तो नातवाला विचारून ठेवा. पीपीओची प्रत आणि पासबुक घेऊन या. शेवटी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज येतो, तो जपून ठेवायचा.

"आणि माझ्याकडून बिघडलं तर?"

"तर मागे यायचं आणि परत करायचं." हे त्या पिवळ्या पुस्तकातलंच. तिथे कंट्रोल झेडचा धडा होता, आणि मी तो पहिल्या आठवड्यात चारदा वाचला होता.

आत्ता परत एकदा सगळ्या पायऱ्या वाचून काढल्या. एकूण चौदा झाल्या. नवव्या पायरीत मी लिहिलं होतं, "पटकन डोळ्यांची उघडझाप करावी." पटकन खोडलं.

उद्या अकराला येतील. उजेड तोंडावर हवा आणि मागे भिंत मोकळी हवी, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलंय. खुर्ची खिडकीकडे तोंड करून लावली आहे. माझी जरा बाजूला, हात सहज पोचणार नाही इतकी लांब.