शेजारच्या झोक्याची साथ

आज संध्याकाळी चौकाचौकांत मांडलेल्या खेळकर कलाकृतींच्या चित्रफिती बराच वेळ पाहिल्या, आणि त्यांतले कॅनडातल्या माँट्रियलचे 21 झोके अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ‘डेली तू ले जूर’ या तिथल्याच कलासंस्थेने ते 2011 साली भर शहरात, रहदारीच्या रस्त्यालगत टांगले. झोका घेतला की पियानो, हार्प, गिटार किंवा व्हायब्राफोन यांपैकी एका वाद्याचा सूर उमटतो. पण शेजारचा माणूस त्याच लयीत आला, तर त्या सुरांची अशी काही सुरावट जुळते, की एकट्याने कितीही उंच झोका घेतला तरी ती हाती लागत नाही. या रचनेसाठी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापकांना सोबत घेतले होते. मला त्यातला एक क्षण फार आवडला: एक प्रौढ गृहस्थ शेजारच्या मुलीशी लय जुळावी म्हणून बुटाची टाच जमिनीला घासून आपला झोका मंदावत होते आणि मान कलती करून ऐकत होते.

दुसऱ्या माणसावाचून जी पुरी होत नाही, ती कलाकृती मला अधिक मोलाची वाटते. कलाकार राफाएल लोसानो-हेमर यांनी 2001 साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या चौकात समोरच्या भिंतीवर माणसांची छायाचित्रे प्रक्षेपित केली होती. मात्र झगझगीत दिव्यांमुळे ती पुसल्यासारखी होत आणि एखाद्याची सावली पडेल तेवढ्याच जागी दिसत. सगळी छायाचित्रे एकाच वेळी उघडी पडली की पुढचा संच येई, त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसे मागेपुढे सरकून आपापल्या सावल्या लहानमोठ्या करीत.

2014 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या उतरत्या रस्त्यावर कलाकार ल्यूक जेरम यांनी 95 मीटर लांबीची पाण्याची घसरगुंडी उभारली. घसरण्यासाठी जवळपास एक लाख लोकांनी नावे नोंदवली आणि संधी मिळाली 360 जणांना. एका दिवसापुरता रस्ता मोटारींकडून काढून घेणे हे मोठेच काम होते. तरीही तिथे घसरणारा एकटा आणि बाकीचे प्रेक्षक, म्हणून माझा ओढा झोक्यांकडेच राहतो.

सीसॉचे तसे नाही. समोर कोणी बसल्याशिवाय तो हलतच नाही, आणि 2019 च्या जुलैत वास्तुविशारद रोनाल्ड राएल व व्हर्जिनिया सॅन फ्रॅटेलो यांनी नेमका हाच गुण ओळखून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या पोलादी कुंपणाच्या फटींतून तीन गुलाबी सीसॉ आरपार बसवले. खेळ चालला सुमारे 40 मिनिटे. अलीकडचे मूल वर जाई तेव्हा पलीकडच्याचे पाय जमिनीला टेकत, हे पाहताना माझा गळा दाटून आला.

अशा वस्तूंना हजारो हात लागतात, त्यामुळे त्या झिजणारच. म्हणून दोर, सांधे आणि हालचाल टिपणारे संवेदक (सेन्सर) तपासणारा माणूस व त्याचा पगार यांची तरतूद मूळ आराखड्यातच असावी, असे मला कळकळीने वाटते. एक झोका मुका झाला, की शेजारच्या झोक्यावर बसलेल्यालाही ती सुरावट मिळत नाही.