तुम्ही विचारलंत म्हणून: पानगळीत मला देव का आठवतो

पानं रंगायला लागली की मी फोटो काढत सुटते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, अगं ही तर मरायला टेकलेली पानं, यात तुला देव कुठं दिसतो? काही जण जरा मिस्कीलपणे विचारतात, तुम्ही ख्रिस्ती लोक झाडांना कधीपासून हात जोडायला लागलात? याचं उत्तर आधी देऊन टाकते. झाडाला नाही, झाड ज्याने केलं त्याला. झालं.

पहिल्या प्रश्नाचं मात्र माझंच उत्तर बरीच वर्षं चुकीचं होतं. एकदा उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांना सांगायला, उभी राहिले आणि मोठ्या आवेशात सांगितलं, बघा, झाड मरतानासुद्धा किती सुंदर रंगतं. सगळे आमेन म्हणाले. बाहेर आल्यावर मंडळीतल्या एक बाई, आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलेल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, छान बोललीस, पण झाड मरत नसतं गं, ते आवरत असतं.

आवरत असतं! मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं समजावलं. दिवस लहान व्हायला लागले की झाड नवीन हरितद्रव्य करायचं थांबवतं, पानात असलेलं मोडतं, आणि पानातला नायट्रोजन, फॉस्फरस जमेल तेवढा फांदीत ओढून घेतं. पिवळा रंग, म्हणजे गाजरात असतो त्याच कुळातला, तो काही नव्याने येत नाही, वसंतापासून पानातच असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बहुतेक त्या शेवटच्या दिवसांतच साखरेपासून तयार होतो, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी पण गोठवणारी नाही असं असेल तर जास्तच. टाकून द्यायच्या पानावर झाड एवढा खर्च का करतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, आवराआवर चालू असताना कडक उन्हापासून पानाला आडोसा मिळावा म्हणून असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, पान तिथूनच सुटतं आणि जखम बंद होते. वारा नुसता निमित्त.

पण माझ्या मनात घर केलं ते त्यांच्या शेवटच्या वाक्याने. त्या म्हणाल्या, देठाच्या बगलेत बघ, पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे नव्या पालवीचा मिटलेला कोंब, उन्हाळ्यातच धरलेला असतो.

आता हे ऐकताना माझी अवस्था काय होती ते सांगते. साक्ष देत होते खरी, पण घरी गुडघे टेकले की तोंडातून शब्द फुटायचा नाही, कितीतरी महिने असंच चाललं होतं, आणि कुणाला सांगायची सोय नाही कारण मी पडले साक्ष देणारी. देवाने आपल्याला झटकून टाकलंय असंच वाटायचं. त्या दिवशी परत येताना एक फांदी वाकवून बघितली, पान अजून फांदीलाच, अर्धं पिवळं, आणि त्याच्या बगलेत खरंच एक तपकिरी टोकदार डोळा, घट्ट मिटलेला. तिथंच रडले. शब्द त्यानंतरही लगेच आले नाहीत, पण गुडघे टेकायला भीती वाटेनाशी झाली.

मी काही एकटीच अशी वेडी नाही हं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधू होऊन गेला, पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात राबायचा, 1691 मध्ये वारला. अठरा वर्षांचा असताना हिवाळ्यात एक बोडकं झाड बघून त्याला वाटलं, याला परत पानं येणार, मग फुलं, मग फळं, आणि तेवढ्यावर त्याचं आयुष्य देवाकडे वळलं ते वळलंच.

तरी एक गोष्ट मला पटत नाही, ती म्हणजे वसंत ऋतू म्हणजेच पुनरुत्थान, येशूचं मरणातून उठणं, असं प्रवचनात सरसकट सांगणं. गळलेलं पान परत येत नाही, त्याच्या जागी दुसरं येतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला हे सांगून बघा. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात, झाडाला आशा असते, तोडलं तरी फुटतं असं आहे, ते सगळे वाचतात, पण लगेच पुढं तो विचारतो की माणूस मेला की तो कुठं असतो, तिथं आपण पान उलटतो. त्या प्रश्नाचं उत्तर झाडाकडे नाहीच, ते येशूच्या रिकाम्या कबरेकडे मागायचं. आणि दक्षिण गोलार्धात तर ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, पानगळीतच येतो, तिथल्या लोकांनी कुठली पालवी दाखवायची?

म्हणजे झाड माझ्यासाठी पुरावा नाही. डोळा आधीच धरलेला असतो, एवढं ते मला दाखवतं, आणि मला तेवढं पुरतं.

आणि सगळीच झाडं इतकी शहाणी नसतात बरं का. ओक, बीच यांच्यातली काही झाडं वाळलेली पानं हिवाळाभर सोडतच नाहीत, तो सुटायचा थर वेळेवर पुरा होत नाही, नवे डोळे फुगायला लागतात तेव्हा कुठं ती खाली पडतात. माझ्या फोटोंत लालभडक झाडांपेक्षा ही हट्टी झाडंच जास्त असतात, का ते आता विचारू नका.