आमची वाटचाल : आवाजापासून अर्जापर्यंत

पुण्यातील सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ आहे. २०१६ मध्ये तो सुरू केला, तेव्हा जाहिरातींसाठी आवाज देणे, कंपन्यांच्या दूरध्वनीवरील सूचना आणि कर्मचारी-प्रशिक्षणाचे ध्वनिपाठ मुद्रित करणे एवढ्यावरच आमचा व्यवसाय उभा होता. तो आजही चालू आहे आणि घरभाडे व पगार त्यातूनच निघतात. पण ज्या कामामुळे लोक आम्हाला ओळखू लागले, ते तरुणांना त्यांच्या उपयोगाची माहिती रेडिओ आणि समाजमाध्यमांतून पोहोचवण्याचे काम आहे.

हे काम आम्हाला आमच्या पेठेने दिले. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले-मुली येथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतील एक खाट भाड्याने घेऊन राहतात, मेसवर जेवतात आणि अभ्यासिकेत दिवस काढतात. प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्यावर माहितीचा पूर असतो. तरीही स्वतःला नेमके काय लागू आहे, हे विचारायला खात्रीचे माणूस नसते. २०२३ च्या सुरुवातीला राज्यसेवा परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच न आणता २०२५ पासून लागू करावी, या मागणीसाठी पुण्यात उमेदवारांचे आंदोलन झाले आणि ती मागणी मान्यही झाली. त्या दिवसांत एकाच निर्णयाविषयी परस्परविरोधी संदेश दर तासाला फिरत होते. मूळ परिपत्रक समोर ठेवून, त्याचा अर्थ शांतपणे वाचून दाखवणाऱ्या आवाजाची गरज किती मोठी आहे, हे तेव्हा स्पष्ट दिसले.

पुण्याला रेडिओ नवा नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ पासून आहे आणि विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ २००५ पासून ऐकू येते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. आरंभी शिक्षणसंस्थांपुरते असलेले सामुदायिक रेडिओचे, म्हणजे एखाद्या परिसरातील लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रांचे दार २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही उघडले. आम्हाला स्वतःचे केंद्र काढणे शक्य नव्हते आणि तशी गरजही नव्हती. शहरातील एका सामुदायिक केंद्राने आठवड्यातून अर्धा तास दिला आणि आम्ही त्या अर्ध्या तासाला वाहून घेतले. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. अनेकांना ही अडचण वाटते. मला मात्र या मर्यादेने कामाची दिशा मिळाली. काल काय घडले, हे सांगण्याऐवजी उद्या कोणत्या खिडकीवर जायचे, कोणते कागद न्यायचे आणि मुदत कधी संपते, एवढेच आम्ही सांगू लागलो.

रेडिओवरचे वाक्य श्रोत्याला मागे जाऊन ऐकता येत नाही, याचे भान आमच्या लेखनात पहिल्यापासून ठेवावे लागले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक १९३० आहे. तो ‘एकोणीसशे तीस’ असा उच्चारला, तर ऐकणाऱ्याला ते एखादे साल वाटते. म्हणून आमच्या संहितेत ‘एक, नऊ, तीन, शून्य’ असे लिहिलेले असते, त्याआधी ‘लिहून घ्या’ असते आणि नंतर निवेदिका दोन क्षण थांबून तोच क्रमांक पुन्हा सांगते. घरी बसून पैसे कमवा, असे सांगत छोटी छोटी कामे देणाऱ्या आणि मग पैसे भरायला लावणाऱ्या टोळ्यांना अनेक शिकलेली मुले बळी पडतात. अशा वेळी पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात, कारण तक्रार लवकर झाली तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. लाजेने गप्प बसलेल्या मुलाला हे कळणे फार गरजेचे आहे.

सामुदायिक केंद्राचे प्रक्षेपण साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोहोचते. भोर किंवा जुन्नरच्या मुलांपर्यंत ते जात नाही. म्हणून प्रत्येक कार्यक्रमातील एकेक उत्तर सुटे करून आम्ही ते व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर देऊ लागलो. तेथे पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे अर्जाचा क्रमांक आणि अखेरची तारीख ठळक अक्षरांत पडद्यावर असलीच पाहिजे, हा आमचा नियम आहे. मात्र समाजमाध्यमांनी आम्हाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे परत येणारे प्रश्न.

परभणीहून शिकायला आलेल्या एका मुलीने ध्वनिसंदेश पाठवला होता. मागे वसतिगृहाच्या जेवणघरातील भांड्यांचा आवाज होता आणि ती विचारत होती, “दादा, मी ऑक्टोबरमध्ये अठराची होईन, मग मला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागेल का? आणि नाव गावाकडं घालू की इथं?” आम्ही तिच्या परवानगीने तो संदेश तसाच प्रसारित केला. मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार पात्रता दिनांक, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे मोजण्याच्या तारखा आहेत, सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, त्यासाठी नमुना क्रमांक ६ भरायचा असतो आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेचे प्रमाणपत्र जोडून तेथील पत्त्यावर किंवा आपल्या गावी, यांपैकी एकाच ठिकाणी नाव नोंदवता येते, हे सारे त्या एका प्रश्नाच्या निमित्ताने सांगता आले. पुढे बऱ्याच मुलांनी भरलेल्या अर्जाची पोचपावती आम्हाला पाठवली. किती जणांनी पाहिले, यापेक्षा या पोचपावत्यांना आम्ही अधिक महत्त्व देतो.

निकालाच्या आठवड्यात आमचा सूर बदलतो. त्या दिवसांत यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती सगळीकडे असतात; आम्ही मात्र नाव न आलेल्यांशी बोलतो, दुसऱ्या वाटांची माहिती देतो आणि ‘टेली मानस’ या मानसिक आधाराच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दर कार्यक्रमात सांगतो. या भागांना प्रायोजक मिळत नाही, तरी ते बंद होणार नाहीत.

पैशाची ओढाताण आहेच. एका मोठ्या ग्राहकाने झालेल्या कामाची रक्कम वर्षभर अडकवून ठेवली, तेव्हा निवेदकांचे मानधन आधी द्यायचे आणि नवे यंत्र नंतर घ्यायचे, असे आम्ही ठरवले. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासेसच्या आणि पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिराती आम्ही घेत नाही. ज्या मुलांना सावध करायचे, त्यांच्याच कानावर तो मोह घालणे मला मान्य नाही.

सध्या भोर आणि जुन्नर तालुक्यांतील महाविद्यालयीन मुला-मुलींना आम्ही प्रश्न विचारणे, मूळ शासकीय कागद शोधणे, फोनवर स्वच्छ ध्वनिमुद्रण करणे आणि संकलन शिकवत आहोत. त्यांनी स्वतः तयार केलेला पहिला भाग शिष्यवृत्तीच्या अर्जांवर आहे. त्यासाठी त्यांनी आपापल्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकांना बोलते केले आहे आणि संकलन झाले, की तो याच महिन्यात प्रसारित होईल.