कीबोर्डला य येत नाही

"य येत नाही. बाकी सगळं येतं."

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कीबोर्डाला मी तक्रारीची चिठ्ठी चिकटवतो. त्यावर एरवी 'स्पेसबार खडखडतो', 'आवाज पोकळ येतो', 'स्विच ल्यूब करून (वंगण लावून) हवेत' असलं काहीतरी असतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक आयटीतली पोरं. मेकॅनिकल कीबोर्डचा, म्हणजे प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डचा शौक, खिशात पैसे, आणि कळ दाबल्यावर 'थॉक' असा भरीव आवाज आला पाहिजे हा हट्ट. पुण्यात अशी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जिवावर माझं घर चालतं. पण एखादं मराठी अक्षर येत नाही अशी तक्रार कधी कुणी आणली नव्हती.

कीबोर्ड हिंजवडीतल्या एका मुलाचा. त्याने तो मावशीला दिला होता. मावशी, म्हणजे माझ्या तोंडी काकू, अक्षरजुळणी करतात. आधी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, आता युनिकोडमध्ये; पुस्तकं, स्मरणिका, आणि पाऊस ओसरायला लागला की दिवाळी अंक. दोघं एकत्रच आले होते.

"स्विच गेलाय दादा, बदलून द्या," भाच्याने परस्पर निदान केलं.

"गेला नाहीये रे. दाबला की कर्सर वरच्या ओळीत जातो," काकू म्हणाल्या.

तिथेच माझ्या लक्षात आलं. वस्तू देखणी होती: ॲल्युमिनियमचं जड अंग, ६१ कळा, ब्लूटूथ, शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवायचा छोटा रिसीव्हर. पूर्ण कीबोर्डात १०४ कळा असतात. त्याच्या ६१ करायच्या तर उजवीकडचे आकडे जातात, वरच्या एफ-कळा जातात, होम-एंड-डिलीट जातात आणि बाणही जातात. गेलेल्या कळा मग उरलेल्यांच्या पोटात ढकलतात, एफएन (Fn) ही कळ धरून वापरायच्या म्हणून. इथवर ठीक. या कीबोर्डात त्यापुढे एक शहाणपणा केला होता. एफएन आणि एंटर एकदम दाबलं की खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या कळा कायमच्या बाण होऊन बसतात. परत तेच दाबेपर्यंत स्लॅशची कळ म्हणजे 'वर'चा बाण. कुठे दिवा लागत नाही, पडद्यावर काही उमटत नाही.

आणि इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे काकू वापरतात त्या मराठी कळमांडणीत, स्लॅशच्या कळीवर य असतो.

इंग्रजी लिहिणाऱ्याला स्लॅश आणि प्रश्नचिन्ह दिवसातून किती वेळा लागतं? ते अडलं तरी तो निभावून नेतो. मराठीत य शिवाय एक परिच्छेद लिहून दाखवा. या, ये, काय, होय, विषय, विद्यार्थी, काही म्हणजे काहीच नाही. मी एफएन-एंटर दाबलं, य आला. काम पाच मिनिटांचं. पण काकू उठेनात.

"तुम्हाला कळतंय असं दिसतं, म्हणून विचारते. जोडाक्षरं का सुटतात?"

पिशवीतून त्यांनी प्रुफांचा गठ्ठा काढला. तपासनिसाने लाल शाईने गोल केलेले शब्द: विदया, शबद, पुसतक. एका पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काकू, हल्ली जोडाक्षरांकडे लक्ष नाही का?' इतकी वर्षं काम करून ही ओळ वाचावी लागल्याचा राग त्यांनी आवाजात येऊ दिला नाही, पण कागद मात्र माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

या बाईंचा दोष नव्हता. इनस्क्रिप्टमध्ये जोडाक्षर करायचं तर मध्ये हलन्त (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह) टाइप करावा लागतो, तो डी या कळीवर. व, ि, द, ्, य, ा अशा सहा कळांनी 'विद्या' होतं. चौथी कळ हवेत विरली की 'विदया'. इंग्रजीत एक अक्षर गळालं की वाचणारा म्हणतो, घाईत राहिलं असेल. मराठीत तीच गळती अशुद्धलेखन वाटते. खापर यंत्रावर फुटत नाही, माणसावर फुटतं.

मी त्यांना घरची मांडणी विचारली. सीपीयू टेबलाखाली, डोंगल त्याच्या पाठीमागे. "निळ्या खाचेत की काळ्या?" निळ्या. शेजारच्या निळ्या खाचेत बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडलेली. मग आणखी काय हवं? निळी खाच म्हणजे बहुधा यूएसबी ३.०, आणि तिच्यातून माहिती वाहत असताना २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. वायरलेस कीबोर्ड, माऊस, ब्लूटूथ, वायफाय, सगळ्यांची गर्दी त्याच पट्ट्यात. त्यात हा कीबोर्ड ॲल्युमिनियमचा.

मी तो उघडला. आधी कळांच्या टोप्या काढायच्या, मग स्क्रू दिसतात. आत अँटेना म्हणजे बोर्डाच्या कडेला काढलेली नागमोडी तांब्याची रेघ, आणि ती नेमकी धातूच्या भिंतीला खेटून. लहरींना बाहेर पडायला वाट उरते ती कळांच्या फटींतून आणि मागच्या यूएसबीच्या भोकातून. स्टीलच्या डब्यात रेडिओ ठेवून गाणी ऐकायची तर दुसरं काय होणार? जाणकार बनवणारे मागच्या बाजूला प्लास्टिकची खिडकी ठेवतात. पण ती जोडरेघ फोटोत दिसते, आणि आमच्या शौकीन मंडळींना जोडरेघ खपत नाही. यातला शौकीन मीही आहे, म्हणून हक्काने बोलतो.

काकूंची आणखी एक तक्रार होती: चहा घेऊन परत आलं की पहिली दोनतीन अक्षरं जातात. बॅटरी वाचवायला कीबोर्ड झोपतो, जागा होऊन पुन्हा जोडणी होईपर्यंत दाबलेलं वाया. 'मी' लिहायला गेलं की म जातो आणि ओळीच्या सुरुवातीला तुटक्या वर्तुळाला लटकलेली वेलांटी उरते. झोपेची वेळ बदलायची सोय त्या कीबोर्डात नव्हती. फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डातलं अंगचं सॉफ्टवेअर, बंदिस्त, बनवणाऱ्याने दिलं तेच. आता झेडएमके नावाचं खुलं फर्मवेअर आहे, वायरलेससाठीच केलेलं; त्यात झोप किती वेळाने घ्यायची, कुठली कळ काय करेल, सगळं स्वतः ठरवता येतं. पण ते चालायला आत त्याला साजेशी चिप हवी, आणि ती इथे नव्हती.

बोर्ड उचलला तेव्हा खरी गंमत दिसली. बॅटरी फुगली होती. चपटी लिथियम-पॉलिमरची पिशवी, दुहेरी चिकटपट्टीने तळाला डकवलेली, वर आवाज घोटवण्यासाठी घातलेला फोम. फुगायला जागाच नाही, म्हणून तिने बोर्ड वर रेटला होता. "मधली पट्टी वर आल्यासारखी वाटत होती," काकू म्हणाल्या. बॅटरीची लाल वायर स्क्रूच्या खांबाखालून नेलेली. स्क्रू आवळताना तिचं कातडं दबलेलं स्पष्ट दिसत होतं. ती आणखी थोडी सोलली गेली असती तर ॲल्युमिनियमला टेकली असती. भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. कायम चार्जरला लावलेली, सतत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर थकते. ती कधी ना कधी बदलावी लागणार हे आराखडा काढणाऱ्याला माहीत असतं. तरी ना दार, ना काढता येण्यासारखा जोड. वायरी थेट डाखलेल्या.

"आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जच होत नाही. जुनीच लागते," भाचा म्हणाला. तेही मला बघायचंच होतं. टाइप-सी चार्जर समोर उपकरण आहे की नाही हे ओळखतो ते ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांवरून (वीजरोधकांवरून). ते उपकरणाच्या बोर्डावर हवेत. नसले तर चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी टोकाच्या केबलला ही अडचण येत नाही, म्हणून दोष झाकला जातो. रेझिस्टर काही पैशांचे असतात. इथे त्यांची जागाही सोडलेली नव्हती.

एवढं बघून भाच्याने सॅकमधून स्वतःचा दुसरा कीबोर्ड काढला. "मावशी, तू हा घे. याला बाण वेगळे आहेत, य चा प्रश्नच नाही." हा ६४ कळांचा. मी तो माझ्या मशीनला जोडला आणि काकूंना म्हटलं, लिहा काहीतरी.

त्यांचं टाइपिंग बघत राहावं असं आहे. नजर कागदावर, मनगटं स्थिर. इनस्क्रिप्टची रचना सरकारने १९८६ मध्ये ठरवली आणि भारतीय लिप्या संगणकावर साठवण्यासाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात ती आली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला, त्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. एका कळीवर साधी मात्रा, शिफ्ट धरली की पूर्ण स्वर. ा च्या कळीवर आ, ी च्या कळीवर ई. अ पासून औ पर्यंत सगळे मूळ स्वर डाव्या हाताखाली, म्हणजे नीट शिकलेल्या माणसाची उजवी करंगळी प्रत्येक स्वराला उजव्या शिफ्टवर जाणार. ण सुद्धा तसाच.

आणि त्या ६४ कळांच्या कीबोर्डात वेगळे बाण बसवायला जागा काढली होती ती नेमकी उजव्या शिफ्टमधून. नेहमीची उजवी शिफ्ट पावणेतीन कळांएवढी रुंद, जवळजवळ ५२ मिलिमीटर. इथे ती एका कळीएवढी, १९ मिलिमीटर. तिच्या उजव्या अंगाला 'वर'चा बाण.

काकूंनी दोन ओळी लिहिल्या, तिसऱ्या ओळीत 'आई' लिहायला गेल्या. करंगळी सवयीने शिफ्टच्या मधोमध पडली, तिथे आता बाण होता. कर्सर वर गेला आणि वरच्या ओळीतल्या पुस्तकाचं 'पुस्ताक' झालं. पुढचा ई आणखी एक ओळ वर जाऊन कुठल्याशा शब्दाला वेलांटी देऊन आला. काकूंनी हात उचलले आणि भाच्याकडे पाहिलं.

"अरे, तुला हे कधी जाणवलं नाही?"

"मी मराठी रोमनमधून लिहितो गं. आणि उजवी शिफ्ट मी वापरतच नाही."

हे मात्र त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. या छोट्या कीबोर्डांतलं बरंचसं असंच ठरत असावं. ज्याला जी कळ लागत नाही, त्याच्या मते ती कुणालाच लागत नाही. कमी कळांचा कीबोर्ड वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये १९९६ साली पीएफयू या कंपनीने हॅपी हॅकिंग कीबोर्ड काढला, तोक्यो विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक एइइती वादा यांच्या कल्पनेवरून. त्यातही बाणांच्या वेगळ्या कळा नाहीत; योगायोगाने एक बाण आपल्या य च्याच कळीवर येतो. पण एफएन धरलं तरच. बोट काढलं की कळ पुन्हा आपली. त्याच्या ब्लूटूथ आवृत्तीत मागे एक टेंगूळ आहे, त्यात साधे दोन पेन्सिल सेल बसतात. अंग प्लास्टिकचं. आमच्या मंडळींना ते टेंगूळ बघवत नाही. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात, एवढाच त्याचा गुण.

काकूंना मी तीन मार्ग सांगितले. डोंगल पुढच्या काळ्या खाचेत, एक्स्टेन्शन लावून टेबलावर आणायचा. नवी बॅटरी. नाहीतर बॅटरी काढून टाकून नुसता वायरवर चालवायचा, म्हणजे झोपही गेली आणि गळतीही. तिन्हींत एफएन-एंटरचा धोका राहतोच. तळहात टेकला की पुन्हा य जाणार.

"मला वायर चालते हो. टेबल तिथेच असतं, मी तिथेच असते. हा बिनवायरीचा घेऊन मी जाणार कुठे?"

माझ्या फळीवर ८७ कळांचा एक वापरलेला वायरी कीबोर्ड होता. बाण वेगळे, उजवी शिफ्ट पूर्ण, डिलीट जागेवर, अंग प्लास्टिकचं, दिसायला काही नाही. काकूंनी त्यावर एक पान सलग लिहून पाहिलं. 'आई' नीट आली. 'विद्यार्थी' दोनदा लिहिला. मग माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि तपासनिसाच्या नावाने दोन ओळी खरडल्या: हलन्त यंत्राने खाल्ले होते, पुढचं प्रूफ नीट येईल. तो कागद गठ्ठ्याच्या वर ठेवून त्यांनी पैसे विचारले.

फुगलेली बॅटरी मी त्यांच्यासमोरच वायरी एकेक करून कापून वेगळी केली आणि टोकांना टेप लावली. ती ई-कचऱ्यात द्यायला वेगळी ठेवली. ६१ कळांचा तो कीबोर्ड भाच्याने स्वतःसाठी परत घ्यायचं ठरवलं. नवी बॅटरी, वायर खांबापासून दूर, मध्ये छोटा जोड, इतकं काम मी लिहून घेतलं. चिठ्ठी चिकटवत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, उघडलाच आहे तर आत अजून एक थर फोम टाका ना. आवाज अजून थोडा भरीव येईल."

टाकला. बॅटरीच्या वरच्या भागात मात्र चौकोन कापून जागा मोकळी सोडली, आणि त्याचे वेगळे पैसे लावले.