हरलेल्या कुस्त्यांचा संग्रह

गेल्या मे महिन्यात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हा जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेल्या सात व्हीएचएस कॅसेट हाती लागल्या. प्रत्येकीच्या कडेला कागदी पट्टी होती आणि तिच्यावर माझ्या शाळकरी अक्षरात ‘ब्रेट हार्ट’ हे नाव व क्रमांक लिहिलेला होता. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीचा हा कॅनेडियन मल्ल. काही कुस्त्या केबलवरून टिपलेल्या, तर काही भाड्याच्या कॅसेटवरून, शेजाऱ्यांचा व्हीसीआर मागून आणून आमच्या व्हीसीआरला जोडून उतरवलेल्या. वर्गातल्या बाकी मुलांना त्याच कंपनीतल्या अंडरटेकर या मल्लाचे वेड होते. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या ट्रम्प कार्डांच्या खेळात तर ब्रेट हार्टचे पान हाती आले की उंची सांगावी की वजन, असा प्रश्नच पडे. दोन्हींत तो हरायचा.

थोरले काका तरुणपणी तालमीत घुमलेले. आमच्या या छंदाला ते एकाच शब्दात निकालात काढत : नूरा. निकाल आधीच ठरलेला असेल, तर त्या लढतीत पाहायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. कॅसेटवरचे सगळे संगणकावर उतरवून घेतल्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते क्रमाने पाहिले, तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. तिसऱ्या कॅसेटवर मी लाल शाईने ‘सर्वोत्तम’ असे लिहिले होते आणि तिच्यातल्या पहिल्या दोन्ही कुस्त्या ब्रेट हरलेला होता.

पहिली कुस्ती २९ ऑगस्ट १९९२ची, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरची. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ८०,३५५ असा जाहीर केला होता. समोर ब्रिटिश बुलडॉग, म्हणजे डेव्ही बॉय स्मिथ. ब्रेटच्या बहिणीचा नवरा. मैदान त्याच्या देशातले, त्यामुळे जिंकायचे त्यानेच, हे ठरलेले होते. ब्रेटने पुढे आत्मचरित्रात लिहिले, की आखाड्यात उतरल्यावर मेहुणा ठरलेले सारे विसरून गेला आणि त्याला पुढचा डाव कानात सांगत सांगत कुस्ती शेवटापर्यंत न्यावी लागली. हे माहीत झाल्यावर ती कुस्ती पुन्हा पाहिली, तर मान आवळून धरताना ब्रेटचे तोंड प्रत्येक वेळी कॅमेऱ्यापासून का वळलेले असते, ते कळते. सुमारे पंचवीस मिनिटे एक मल्ल दोघांची कुस्ती लढतो आहे आणि स्वतःच्या पराभवाकडे तिला शिस्तीत घेऊन चालला आहे! शेवटी तो बुलडॉगच्या अंगावरून पलीकडे झेपावून त्याला मागे खेचतो, बुलडॉग पाठीवर पडण्याऐवजी त्याच्या खांद्यांवरच बसतो, पायांनी त्याचे पाय अडकवतो आणि पंच तीन मोजतो, म्हणजे ब्रेट चीत.

दुसरी २० मार्च १९९४ची, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, सख्ख्या धाकट्या भावाशी, ओवेनशी. हे दोघे कॅल्गरीतल्या एकाच घरात वाढले. वडील स्टू हार्ट घराच्या तळघरातच पोरांना शिकवत आणि त्या खोलीला ‘डंजन’ म्हणजे अंधारकोठडी म्हणत. आपल्याकडे तिला सरळ घरची तालीम म्हटले असते. या कुस्तीत ओवेन थोरल्याला चीत करतो. त्याच रात्री पुढे ब्रेट योकोझुनाला हरवून अजिंक्यपद मिळवतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेत उभा राहून ते पाहत राहतो.

स्टीव्ह ऑस्टिनबरोबरची २३ मार्च १९९७ची कुस्ती कागदोपत्री ब्रेटने जिंकली आहे. प्रतिस्पर्ध्याला पालथे पाडून, त्याचे पाय एकमेकांत अडकवून मागे बसायचे, हा त्याचा हुकमी डाव, शार्पशूटर. ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत असते, तो हार मानत नाही आणि तसाच शुद्ध हरपतो. जिंकलेल्या माणसाची हुर्यो होते, लंगडत जाणाऱ्या ऑस्टिनचा जयजयकार होतो. याला हार म्हणावे की जीत, यावर आमच्यात बराच वेळ वाद झाला.

मग मॉन्ट्रियल. ९ नोव्हेंबर १९९७ला ब्रेट कंपनी सोडून जायच्या बेतात होता. त्या रात्रीचा जो शेवट त्याला सांगितला होता, तो झालाच नाही. शॉन मायकल्सने त्याच्यावर त्याचाच शार्पशूटर लावला, त्याने हार मानलेली नसताना मालक व्हिन्स मॅकमहोनने घंटा वाजवायला लावली आणि कुस्ती संपवली. २००५ साली त्याच कंपनीने ब्रेटच्या कारकिर्दीचा तीन डिस्कचा संच काढला. त्याच्या सहकार्याशिवाय, त्याला दूषणे देणाराच संच निघायचा बेत आधी होता, तो त्याच्या होकाराने पालटला. तो संच चांगला आहे, चित्रही स्वच्छ आहे. पण माझ्या मते मॉन्ट्रियल पाहावे ते वेम्ब्लीच्या लगेच मागोमाग, म्हणजे ठरलेली हार एवढ्या शिस्तीत पार पाडणारा माणूस तिथे एवढा का उखडला, ते समजावून सांगावे लागत नाही.

काकांनाही सांगावे लागले नाही. “नूरा असली, तरी ठरलेला शब्द मोडायचा नसतो,” एवढे ते म्हणाले. मात्र वेम्ब्लीचा शेवट त्यांना पटलेला नाही. तो भाग त्यांनी चार वेळा मागे घ्यायला लावला, मग चटईवर मला उताणे झोपवले, स्वतःचे दुखरे गुडघे सांभाळत खांद्यांवर बसल्याचा आव आणला आणि खालच्याने कंबर उचलून वरच्याला कुठल्या बाजूने उलटवायला हवे होते, ते दाखवू लागले.