मुलीच्या थकलेल्या पोटगीची वसुली : माझा अनुभव

माझ्या मुलीला दरमहा ९,००० रुपये पोटगी द्यावी, असा आदेश नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तिच्या वडिलांना २०२२ मध्ये दिला. सुरुवातीला पैसे नियमित आले, पुढे एखाददुसरा महिना चुकू लागला आणि त्यांनी पुण्यात नवी नोकरी धरल्यावर ते पूर्णच थांबले. आमचा घटस्फोट झालेला होता, बोलणे संपलेले होते, आणि माझ्याजवळ होती ती आदेशाची प्रमाणित नक्कल. आदेश देणारे न्यायालय दर महिन्याला पैसे पोहोचले की नाही हे तपासत नाही. थकबाकी झाली आहे, देणारा कुठे राहतो, कुठे कमावतो, हे सारे न्यायालयापुढे ठेवण्याचे काम आदेश ज्याच्या हाती आहे त्याचे असते. आमच्याकडे बायका याविषयी एकमेकींशी दबक्या आवाजात बोलतात, म्हणून मी ते उघडपणे लिहिते आहे.

घरातून पहिला सल्ला आला तो सोडून देण्याचा. ‘तू कमावतेस ना, मग कशाला त्यांच्यापुढे हात पसरतेस,’ असे दादा म्हणाला, आणि त्यामागची माया मला कळत होती. पण हे पैसे माझे नव्हतेच. ते मुलीच्या शाळेच्या फीचे, व्हॅनचे, चष्म्याचे होते, आणि आईने आपल्या स्वाभिमानासाठी लेकराचा हक्क सोडावा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

वकिलाच्या फीची चिंता जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मिटली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मी नोकरी करते म्हणून मला नकार मिळेल, असे मला अनेकांनी सांगितले होते आणि ते चुकीचे निघाले. ज्या वकील मॅडम मला मिळाल्या, त्यांनी आदेशाची नक्कल वाचून पहिला प्रश्न विचारला तो तारखांचा : कोणत्या महिन्यापासून थकले आहे? कारण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालील पोटगीच्या आदेशाची रक्कम वॉरंटने वसूल करायची असेल, तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे आणि वर्षाची मुदत तशीच आहे. ‘कधीतरी देतील’ म्हणून वाट पाहण्यात सर्वांत जुने महिने एकेक करून हातचे जातात. माझा सर्वांत जुना थकलेला महिना अजून मुदतीत होता, म्हणून अर्ज लगेच दाखल झाला, आणि अर्ज चालू असताना पुढे थकत गेलेले महिने त्याच अर्जात जोडून घेता आले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच तशी मुभा दिलेली आहे.

अर्जासोबत जोडलेला थकबाकीचा तक्ता हा माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा होता. प्रत्येक महिना, देय रक्कम, जमा झालेली रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि बाकी, अशा रकान्यांत मी तो बँकेच्या उताऱ्यावरून केला, आणि त्यांनी दिलेले अर्धेमुर्धे पैसेही प्रामाणिकपणे दाखवले. पुढे त्यांच्या वकिलांनी रोख रक्कम दिल्याचा दावा केला, तेव्हा पावती मागितली गेली आणि ती नव्हती.

खरा वेळ गेला तो नोटीस बजावण्यात. जुन्या पत्त्यावरची नोटीस ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. लिंक्डइनवरच्या त्यांच्या माहितीवरून मी कंपनीचे नाव काढले, मॅडमनी कंपनीच्या पत्त्यावर नोटीस काढण्याची परवानगी मागितली आणि मग ते वकिलामार्फत हजर झाले. त्यांचे म्हणणे असे होते की घरकर्जाचे हप्ते मोठे आहेत आणि मुलीला भेटू दिले जात नाही. भेटीच्या प्रश्नासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो आणि त्यासाठी पोटगी अडवून ठेवता येत नाही, हे न्यायालयाने तिथेच स्पष्ट केले. मी मुलीला त्यांच्यापासून तोडलेले नाही. सुटीत ती आजीआजोबांकडे जात होती, आणि तेही मी लेखी दिले. हप्त्यांबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडून मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र मागवण्यात आले, आणि त्यासोबत पगाराच्या पावत्या आल्या. पगार आधीच्या नोकरीपेक्षा जास्त होता.

आता निर्णय माझा होता. पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. त्यांना आत जाऊ द्यावे असे माझ्या मनात आले नाही, असे मी म्हणणार नाही. रागाचेही दिवस होते. पण कैदेमुळे नोकरी गेली असती तर मुलीच्या हाती काय आले असते? म्हणून आम्ही थेट पगारातून कपात मागितली. त्याच २०२० च्या निकालानुसार पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगीच्या वसुलीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. त्याच संहितेतील ऑर्डर २१ च्या नियम ४८-अ खाली खासगी कंपनीलाही असा आदेश देता येतो, ती दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर वसुलीचे काम त्या हद्दीतल्या न्यायालयाकडे पाठवून, आणि आदेश डावलून कंपनीने पूर्ण पगार दिला तर तेवढ्या रकमेला ती स्वतः जबाबदार ठरते. मला वाटते, पगारदार माणसाकडून वसुली करायची असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही.

आदेश कंपनीत पोहोचल्यानंतरच्या पगारापासून चालू महिन्याची पोटगी आणि थकबाकीचा हप्ता अशी एकत्र रक्कम मुलीच्या खात्यात जमा होऊ लागली. थकबाकी अजून पूर्ण फिटलेली नाही, आणि त्यांनी नोकरी बदलली तर नव्या कंपनीचे नाव घेऊन मला पुन्हा न्यायालयात जावे लागेल, म्हणून जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेची नोंद मी त्याच तक्त्यात पुढे चालू ठेवली आहे.

मुलगी आता दहावीत आहे. शिकवणीची फी आणि तिचे वाढलेले खर्च २०२२ च्या रकमेत बसत नाहीत, आणि परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. मॅडमनी शाळेच्या पावत्या आणि मुलीच्या वडिलांच्या पगाराचे तपशील मागवले आहेत. तो अर्ज या महिन्यात दाखल होईल.